यज्ञेश्वरपंतांनी केलेली स्तुती

शके १७१०, कीलक संवत्सर. कार्तिक वद्य ९.

माझ्या हातचे, कोणाकडे न शिकता — कुलुपे एकवीस. पेटारे सात, एकाचीही फळी फुगलेली नाही. देवघरे चार. एका मठाचा दरवाजा, त्याला अकरा वर्षांत तेल लागलेले नाही. सदाशिव पेठेत आडांवरचे रहाट नऊ. भटाने रंधा धरला म्हणून भट हसले, हा जातीचा सुतार नव्हे म्हणून सुतार हसले. हसोत!

नववा रहाट समोरच्या यज्ञेश्वरपंतांच्या परसात. पंतांचा एकुलता एक मुलगा दीनानाथ याने सहा दिवसांपूर्वी त्याच आडात जीव दिला. वय सव्वीस. दफ्तरात कारकून होता. बायको दोन वर्षांमागे बाळंतपणात गेली. आळीत सगळे कारण विचारतात. एकच कारण असते तर मीही शोधून काढले असते.

वद्य १०.

शास्त्रीबुवांचा निर्णय कळला. आत्मघात, म्हणून सुतक नाही. पिंड नाही. वर्षाने नारायणबळी करावा, मग पुढचे.

सुतक नाही, म्हणून समाचाराला कोणी येत नाही. समाचार नाही, म्हणून पिठलंभात घेऊनही कोणी जात नाही. एरवी कोणाचे मांजर मेले तरी चौघी ओट्यावर जमतात! पण सात दिवसांत पंतांच्या दारात कोणाचा जोडा दिसला नाही. माझाही नाही.

आज माझ्या बायकोने, मुक्ताने, पातेले हातात दिले. ‘शास्त्र शास्त्रीबुवांना विचारा. भूक मला कळते.’

गेलो. पंत माजघरात एकटे. चार घास खाल्ले. दीनानाथचे नाव माझ्या तोंडून निघेना. त्यांच्याही.

वद्य ११.

एकादशी. वऱ्याचे तांदूळ घेऊन गेलो. जोडा दारात मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा काढला.

वद्य १३.

पंतांच्या आडाला झाकण करायला घेतले. सागवानी, दोन झडपांचे, कडीकुलपाचे. त्यांना विचारले नाही, मापे घेऊन आलो. तोंड साडेतीन हात. उत्तरेकडे दोन बोटे फुगलेले — गवंड्याची चूक.

शेजारचा दिगंबर ओट्यावर येऊन उभा राहिला. ‘झाकणानं काय होणार, गोपाळराव? ज्याला जायचं तो जातोच.’

म्हटले, ‘चोरही यायचा तो येतोच. मग मी केलेलं कुलूप परत आणून देता का?’

फळीवर टिचकी मारून घरात शिरला.

मार्गशीर्ष शुद्ध २.

झाकण बसवले. पंत परसात आले. कडेवरून हात फिरवला, कडी उघडून पाहिली, लावून पाहिली.

वीस वर्षांत या गृहस्थाने माझ्या कामाला चांगले म्हटलेले नाही! ‘गोपाळा, हे कुलूप की खुळखुळा?’ ‘देवघर छान झालंय, देव आत मावले तर बघ.’ आणि आज काय म्हणावे? ‘उत्तम काम. तुझ्या तोडीचा कारागीर पुण्यात नाही. मी हे फार आधी सांगायला हवं होतं.’

मग पंत आत जाऊन आपले कलमदान आणि तपकिरीची चांदीची डबी घेऊन आले. ‘ठेव तुझ्याकडे. मला आता लागत नाही.’

घरी येऊन मुक्ताला शब्दन् शब्द दोनदा सांगितला. तिने दोन्ही वेळा नुसते हूं केले.

शुद्ध ३.

सकाळी चूल पेटवता पेटवता मुक्ता म्हणाली, ‘यज्ञेश्वरपंत, आणि स्तुती?’

‘काम उत्तमच झालंय.’

‘उत्तम आहे हो. गेली वीस वर्षंही उत्तमच होतं ना?’ मग माझ्याकडे न बघता — ‘परवा गाय देऊन टाकलीन सोजरबाईला, आळीत दूध घालते तिला. काल तुम्हाला कलमदान. तपकीर सोडून हा माणूस एक दिवस राहिलाय कधी? अहो, निरवानिरव चाललीये.’

आधी राग आला. मग उमजले. अर्ध्या बोटाची चूक लांबून ओळखणारा मी, आणि काल मला फक्त माझी स्तुती ऐकू आली!

तसाच उठलो. असले विचारू नये म्हणतात, माणसाच्या मनात नसलेले येते. वाटेत तोही विचार केला. पण येते कसले, आलेलेच होते. समोर बसलो आणि विचारले, ‘पंत, जीव द्यायचं मनात आहे का?’

पंतांनी उपरणे सारखे केले. मग — ‘आहे.’ आणि थोड्या वेळाने, ‘पंधरा दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं.’

दुपारपर्यंत बसलो. मी थोडेच बोललो, हे माझ्या स्वभावात नाही. त्यांनी सांगितले, आदल्या दिवशी ते दीनानाथला अक्षरावरून टाकून बोलले होते. तेच डोक्यात फिरते आहे.

‘अक्षरावरून तुम्ही सगळ्या पेठेला बोलता,’ मी म्हटले. ‘आदल्या दिवशी तो माझ्या ओट्यावरही बसला होता. मला रहाटाचं विचारलं. मी आसाची जाडी सांगत बसलो. मला तरी काय कळलं?’

तेव्हा पंत रडले. पहिल्यांदाच, असे म्हणाले. दीनानाथ हे नाव आम्ही दोघांनी किती वेळा घेतले ते मोजले नाही. मी, आणि मोजले नाही!

शुद्ध ४.

व्यवस्था लावली. कुलपाची किल्ली मुक्ताकडे. सकाळी बायका पाणी काढतील तेवढा वेळ ती आडापाशी उभी राहील, मग कुलूप. सासवडला त्यांच्या बहिणीकडे माणूस धाडला — काही झाकून न ठेवता सगळे लिहिले. सोजरबाईला सांगितले, दूध घालून लगेच पळायचे नाही. ती म्हणाली, ‘बसते की. गाय बी परत आनते. त्यांच्याबिगर वैरणीला तोंड लावत न्हाय.’ सकाळ-संध्याकाळ मी.

पंत म्हणाले, ‘पहारा बसवलास.’

‘पहारा नाही. सोबत.’

‘आणि पुन्हा मनात आलं तर?’

‘मला हाक मारायची. कोणत्याही प्रहरी. करवत हातातली टाकून येईन.’

‘टाकशील? धार जाईल.’

‘लावीन पुन्हा.’

मग म्हटले, ‘वर्षाने नारायणबळी करायचा तो कोण करणार? मी? माझे उच्चार तुम्हाला ठाऊक आहेत.’ पंत ‘नाही’ म्हणाले नाहीत. वर्षानंतरचे वर्षानंतर पाहू.

शुद्ध ९.

वाईट दिवस. पंत अंथरुणातून उठले नाहीत, जेवले नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिलो. दुसरे काही करता आले नाही.

शुद्ध १०.

सासवडहून बहीण आली, तुळजाबाई. येताच पदर खोचून चुलीशी. पंत उठून बसले — ‘ही मीठ फार घालते’ असे मला सांगण्यासाठी.

शुद्ध १३.

मी दाढी केलेली नाही, पायात जोडा घालत नाही. दिगंबरने चौकात अडवले. ‘कोण गेलं तुमच्याकडचं?’

‘दीनानाथ.’

तो खाली बघून निघून गेला. शास्त्र सांगेल म्हणून वाट पाहिली, तर तासाभराने वाडगा झाकून आणलेले दही घेऊन पंतांच्या दारात उभा! आत आला, बसला. काय बोलावे कळेना बिचाऱ्याला. शेवटी म्हणाला, ‘दीनानाथचं अक्षर सुरेख होतं हो.’

पंत म्हणाले, ‘नव्हतं.’ मग म्हणाले, ‘सुधारत होतं.’

जाताना दिगंबर मला ओट्यावर हळूच म्हणाला, ‘इतके दिवस यायचं होतं. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं.’ मीही त्याला काही शिकवले नाही. मलाच कुठे सुचले होते?

पौष शुद्ध १.

पंतांनी मला परसात बोलावले. झाकणाची उत्तरेकडची कड काठीने टोचून दाखवली. ‘दोन बोटं उचलतंय. गवंड्याला नावं ठेवलीस ना? झाकण गवंड्यानं केलं का?’

वाकून पाहिले. खरेच उचलत होते. पावणेदोन बोटे.

‘आणि माझी डबी आण,’ म्हणाले. ‘तपकिरीवाचून डोकं चालत नाही. तू तर ओढतही नाहीस, नुसता चांदीवर डोळा.’

घरी येऊन मुक्ताला सांगितले. तिने माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

डबी नेऊन दिली. कलमदान अजून मागितलेले नाही.

पौष शुद्ध ६.

नागपूरकडच्या एका सरदारांचे कारभारी आले होते. बागेतल्या पाण्याचे सगळे काम, रहाट नि कारंजी, माझ्या हाती द्यायचे, हाताखाली बारा सुतार, राहायला घर. माघात निघायचे, तीन वर्षे परतायचे नाही. ‘आपणच’ म्हणाले, ‘दुसरा माणूस नको.’ मी नाही म्हणालो. पंतांच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, असे मुक्ताला बजावले आहे. सालीना नऊशे रुपये.