साहेब नॉट आऊट

बाबा, आपल्या पोलादाच्या प्लांटची पहिली भट्टी पेटून दोनेक वर्षं झाली होती. कामगार वसाहतीतल्या आपल्या सेक्टरच्या मैदानावर रोलर फिरवून खेळपट्टी तुम्हीच तयार केली होती. नागपूरला रेल्वेच्या मैदानावर तुमचं तरुणपण त्यातच गेलं, त्यामुळे नियमही पाठ. ऑफिसर विरुद्ध कामगार अशी मॅच ठरली, तेव्हा दोन्ही बाजूंनी अंपायर म्हणून तुमचंच नाव घेतलं. दवाखान्यातून मागून आणलेला पांढरा कोट घालून तुम्ही उभे होतात, बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी एकोणीस वर्षांचा, प्लांटमध्ये तुमच्याच शॉपमध्ये, तुमच्याच साहेबाच्या हाताखाली खलासी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर. रोज संध्याकाळी साहेबलोकांना नेटमध्ये बॉलिंग करायचो. माझ्या हातात बॅट कधी कुणी दिली नाही. ते कॉलेजात खेळायला शिकून आले होते, आम्ही त्यांना बॉल टाकून टाकून शिकलो.

त्या दिवशी आपले साहेब बॅटिंगला आले. माझा बॉल त्यांच्या पॅडवर आदळला. मी ओरडलो, सगळे कामगार ओरडले. तुम्ही मान हलवलीत. "नॉट आऊट." साहेबांनी शेवटपर्यंत खेळून मॅच जिंकली आणि जाताना तुमच्या खांद्यावर थाप मारली. ती थाप मला सहन झाली नाही.

घरी आई जेवायला वाढत होती.

"साहेबाले भेले ना तुमी?" मी म्हणालो.

"बॉल लेगच्या बाहेर चालला होता."

"साऱ्यायले आऊट दिसला, तुमालेच नाई दिसला."

"मले बराबर दिसला. तुलेबी दिसला असन."

मी ताटावरून उठलो.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं, तुम्ही नाही म्हणालात. आईनं विचारलं, "कावून नाई जात?"

"पोरगाच मनते मी भेलो. मंग बाकीचे काय मनतीन?"

त्यानंतर तुम्ही अंपायर म्हणून कधीच उभे राहिला नाहीत.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. अंपायरच साहेबाचा माणूस, साहेब आऊट कसा होणार? लोकांना लगेच पटतं. आमच्यातला एकही बॉलर पुढे गेला नाही हे खरंच आहे, त्यामुळे हेही खरं वाटतं. बॉल कुठे चालला होता, हे कुणी विचारत नाही.

तो लेग स्टंपच्या बाहेरच चालला होता, बाबा. ओरडतानाच मला ते दिसलं होतं.

परवा नातवाला खरं सांगायचं ठरवून बसलो होतो. पुन्हा जुनीच गोष्ट सांगितली. म्हणून हे लिहिलं. आता हा कागद घरात ठेवायलाही मला भीती वाटते आहे.