पुतारे म्हणजे छाटणे

कोर्तेवेक्या, १० मार्च १९८७

ती. सेकोंदीनाताईस,
इलारिओचा सा. न. वि. वि.

एवासिओकाकांना झटका येऊन तीन महिने झाले. चाळीस वर्षं पाद्र्यांच्या सेमिनरीत लॅटिन शिकवलेल्या माणसाला चमच्याचं नाव आठवत नाही. पण त्यांचं लाडकं लॅटिन क्रियापद, ‘पुतारे’, काढलं की बोलू लागतात. आधी साफ करणं, मग वेल छाटणं, मग मोजणं, शेवटी विचार करणं. आपल्या इटालियनमधले छाटणं, मोजणं, गोष्ट सांगणं यांचे तिन्ही शब्द याच घरची लेकरं. काल मला म्हणाले, रोमला विचार करायला तुझ्यासारख्या वेली छाटणाऱ्या अडाण्यांनीच शिकवलं रे गाढवा!

द्राक्षमळ्यात तर ते अजून पूर्ण आहेत. कोंब फुटायचे दोन डोळे राखून काडी कापतात, एक चुकत नाही. तुरिनच्या वृद्धाश्रमाची घाई करू नकोस, एवढंच मागणं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
इलारिओ

तुरिन, २० मार्च १९८७

चि. इलारिओ यास अ. उ. आ.

पन्नाशी आली तरी काकांच्या झग्याला धरूनच चालतोस! सोबतची चॉकलेटं त्यांची आहेत, तू हात लावू नकोस. आश्रमात त्यांच्यासाठी संत योहानाच्या सणापर्यंत, २४ जूनपर्यंत, खाट राखली आहे. तोवर राहू देत तुझ्याकडे. पण मळ्यात एक जरी काप चुकला तर मला खरं कळवायचं. मडोना मातेची शपथ आहे तुला. रागावलास तरी मला विसरू नकोस.

तुझी ताई

कोर्तेवेक्या, ११ जून १९८७

ती. ताईस सा. न.

शपथ घातलीस म्हणून लिहितो. परवा चर्चमधून मिस्सा आटोपून परतलो तर काका मळ्यात. वेली फुलोऱ्यात, आणि ते हिवाळ्यासारखे छाटत होते. कोवळे घड पायाशी पडत होते. थोरल्याच्या हातातली कात्री धाकट्याने ओढून घ्यायची नाही, ती त्याने आपणहून द्यायची, हे तुला ठाऊक आहे. मी नुसता हात पुढे करून उभा राहिलो. त्यांना वाटलं, मी काड्या मागतोय. एकेक फुललेली काडी माझ्या हातात देत गेले.

मी विचारलं, काका, पुतारे म्हणजे काय हो? ते माझ्याकडे बघून गोड हसले आणि पुढची वेल धरली.

तीन ओळी गेल्या. प्रत्येक वेलीपाशी ते वळून बघायचे, बरोबर ना, असं. मी म्हणत राहिलो, छान कापलंत काका, छान.

खाट अजून असेल तर गुरुवारी गाडी घेऊन ये. मला त्यांना सांगवणार नाही, तूच सांग. आणि माझ्यावरचा तुझा जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
इलारिओ