लिनक्सला मिळालेला उजवा कौल

मये, डिचोली
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. नारायण यास कृष्णनाथ भावजीचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. (फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं.) तुझी कंबर कशी आहे? मालतीच्या गुडघ्यांना पेडण्याच्या वैद्याच्या तेलाने उतार पडला, की घरभर नुसता वासच? मनीषाची सर्दी गेली का? तुमच्या कोरगावच्या म्हशीने परत दुधाला सुरुवात केली का? परसातल्या माडांना भुंगा लागला होता, त्यांची तब्येत काय म्हणते? आणि हो, तुझा तो जुना फोन कसा आहे? फेकलास वगैरे नाहीस ना? सहज विचारतो.

आता इकडची हकिगत. आमची खाण बंद झाली तेव्हा काट्यावरचा संगणक भंगारात निघाला आणि तो मी घरी आणला, हे तुला ठाऊक आहे. (काटा म्हणजे खनिजाचे ट्रक वजन करायचा, त्याच खिडकीत बसून माझे केस पिकले.) अलीकडे तो फार म्हातारा झाला होता. कळ दाबायची, पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकून रस्त्यावर जायचं, पोय घ्यायची, पोदेराशी साऱ्या गावाच्या भानगडी बोलून परत यायचं, तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंच आहे. बंगळूरला देवेशला विचारलं. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो टाका आणि नवा घ्या." त्याच्या कंपनीत जुनं झालं की टाकतात. माणसंसुद्धा, असं तोच सांगतो. मग मी आपला मोबाईलवर वाचत बसलो आणि कळलं की लिनक्स म्हणून एक प्रकार असतो, त्यात एक हलका वाण आहे, तो कमी खातो आणि म्हाताऱ्या संगणकालाही पळवतो. शिवाय त्यात प्रोग्रामिंग फुकट शिकता येतं. निवृत्त माणसाने देवळाच्या समितीत जाऊन भांडण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं.

पण प्रोग्राम कशाचा करायचा? तेही ठरलं होतं. तुमच्या आईंच्या शेवटच्या गणेशचवथीला कोरगावच्या सोप्यावर बसून त्यांनी फुगडीची गाणी म्हटली होती, ती तुझ्या ताईच्या फोनात होती. त्या फोनात रोज सकाळी सुप्रभाताची एवढी गुलाबाची फुलं येऊन पडतात की जागा उरली नाही, म्हणून मीच ती गाणी संगणकात नेऊन ठेवली आणि वर छाती फुगवून सांगितलं, बँकेत ठेवल्यासारखी आहेत. यंदाच्या चवथीला वाड्यावरच्या बायका आमच्या अंगणात फुगड्या घालणार. आधी संथ गाणं, मग चढतं, शेवटी गिरकीचं, अशा क्रमाने आईंचा आवाज आपोआप लागावा, असा प्रोग्राम मी लिहायचा. तुझ्या ताईला कल्पना आवडली. ती एवढंच म्हणाली, "काय घालायचं ते घाला त्यात. आईच्या गाण्यांना धक्का लागता नये."

आधी मी संगणक उघडला. आतून एवढी लाल माती निघाली की गावात कळलं असतं तर खाण सुरू झाली म्हणून लोकांनी ट्रकांना हार घातले असते. (ती माती हिने जास्वंदीला घातली. जास्वंद सुकली.) मग डिचोलीच्या बाजारात समीक्षाच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पेन ड्राईव्हवर लिनक्स भरून घेतला. संगणक जागा होता होता एक विशिष्ट कळ दाबायची असते. आधी दाबली तर ऐकत नाही, नंतर दाबली तर म्हणतो उशीर झाला. अगदी सरकारी कचेरीच्या खिडकीसारखं. भाषा विचारली, मी मोठ्या अभिमानाने मराठी निवडली. पण असं मराठी आलं की मुकाट्याने परत इंग्रजीत गेलो.

आणि तिथे तो प्रश्न आला: जुनं ठेवून शेजारी नवं बसवू, की सगळं पुसून नवं बसवू? शेजारी बसवायला जागा कमी आहे, असंही खाली लिहिलं होतं. आता असा प्रश्न आपल्याकडे कोण एकट्याने सोडवतो? मी संगणक तसाच चालू ठेवून देवळात कौल घ्यायला गेलो. रांगेत माझ्या पुढे एक ट्रकमालक होता. खाण कधी सुरू होणार, हे तो दर वर्षी विचारतो. देव दर वर्षी उजवी पाकळी पाडून होकार देतो, आणि खाण काही सुरू होत नाही. (त्याचा देवावर राग नाही. तो म्हणतो, देवाचं काम झालेलं आहे, फाईल पणजीत अडकली आहे.) माझी पाळी आली. दत्ताराम गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या, मी हात जोडून विचारलं, "देवा, जुन्या संगणकात नवं बसवू काय?" बोलणं संपायच्या आत उजवी पाकळी पडली. इतका स्वच्छ कौल मला देवेशच्या लग्नातही मिळाला नव्हता. घरी आलो, देवाचं नाव घेतलं आणि "सगळं पुसून" ही कळ दाबली.

संगणक काय पळतो म्हणून सांगू. पोदेराचा भोंपू वाजायच्या आत तयार. पुस्तक वाचून, चुका करून, परत वाचून प्रोग्रामही लिहिला. चालवला. त्याने नम्रपणे कळवलं की फाईल सापडली नाही.

तसाच देवळात गेलो. दत्तारामला म्हटलं, देवाने हो म्हणून सांगितलं होतं. तो समई पुसता पुसता म्हणाला, "कृष्णनाथबाब, तुम्ही देवाक बसवू काय इतक्याच इचारलात. पुसू काय म्हणून कोणी इचारूचा? देवान अर्जापरमाणा उत्तर दिला."

तेव्हापासून तुझी ताई रोज म्हणते, "लावा बघू एखादं गाणं." मी सांगतो, आवाजाचं काम चालू आहे. (हे वाक्य मी रस्त्यांवरच्या पाट्यांवरून उचललं. त्याने पुष्कळ दिवस निभतात.)

बाकी सगळं ठीक. मालतीला नमस्कार, मनीषाला आशीर्वाद.

तुझा,
कृष्णनाथ भावजी

ता. क.: पत्राचं खरं कारण राहिलंच. त्या चवथीला आई गात होत्या तेव्हा दुसरा फोन तू धरला होतास, म्हणून वर त्याची चौकशी. तो सापडला, चालू झाला आणि गाणी निघाली, तर पेन ड्राईव्हवर घालून पाठव. घरच्या पत्त्यावर नको. उकड्या तांदळाच्या पिशवीतून नको, पिशव्या ती उघडते. देवळात दत्तारामच्या नावाने पाठव. ताईला यातलं अक्षरही कळता कामा नये.

आणखी ता. क.: डिंक शोधायला आत गेलो. परत आलो तर तुझी ताई चष्मा लावून शेवटच्या पानावर पोचली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "दत्ताराम सगळ्या गावाला सांगून बसलाय. तुम्ही कधी सांगता ते बघत होते." मी म्हटलं, गाणी तर तुला पाठ आहेत. ती म्हणाली, "गाणी आहेत. मधेच आई तुमच्यावर ओरडते ना, जावयबापू, फोन इतको तोंडाकडे आणू नको, तो काय पानाचो विडो?" मी म्हटलं, तेही तुला पाठच आहे की. तर म्हणाली, "मला पाठ आहे. पण ते मी म्हणते, ती म्हणत नाही."

तेव्हा नारायण, पेन ड्राईव्ह ताईच्याच नावाने घरी पाठव. गाणी साफसूफ करू नकोस. खोकणं, ओरडणं, मागे म्हैस हंबरते ते, सगळं राहू दे. फोन चालूच होत नसेल तर तसं कळव, पण तेही तिला; मी मधे असलो की पुसलं जातं. प्रोग्राम मी रोज संध्याकाळी एकदा चालवून बघतो, ती शेजारी येऊन उभी राहते, आणि फाईल सापडली नाही हे आम्ही दोघं मिळून वाचतो. उत्तर लवकर लिही.