गडग्यातली वाट

कट्टा,
१८ फेब्रुवारी १९६३

प्रिय सुभद्रा,

तुझं कार्ड परवा मिळालं. पाडव्याला गृहप्रवेश, भाऊजींची रजा मंजूर, आणि चार वर्षांच्या हिराला मुंबईच्या खोलीत बसून आत्तापासूनच अंगणाची स्वप्नं पडतायत म्हणे. वाचून हसले आणि मग कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं. घर म्हणशील तर छान झालंय. कौलं चढली, पडवी निघाली, दारं तेवढी बसायचीत. खाली रस्त्यावर एस.टी. थांबते ती तुझ्या पायरीवरून दिसेल.

पण आधी गडग्याचं सांगते. आमच्या माळाभोवतीचा दगडी गडगा दर पावसाळ्यानंतर नव्याने रचायचा, आणि खालच्या व्हाळाच्या बाजूला दोन हात जागा मोकळी सोडायची, ही मामंजींची शिस्त. ती बिबट्याची वाट. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. डोंगरावरून उतरायचं, त्या फटीतून व्हाळावर पाणी प्यायचं आणि त्याच वाटेने परत. तीस वर्षांत आमच्या गोठ्याकडे त्याने मान वळवली नाही. गेल्या साली ह्यांनी माळाचे बारा प्लॉट पाडले, त्यातलाच एक तुझा. मोजणीदाराने दोरी सरळ धरली, आणि गडगाही सरळ झाला. रचणारा बाबली फटीपाशी थांबला आणि म्हणाला, "वैनी, ही वाट बुजवलास तर तो खंयसून जातलो?" हे त्याच्यावर खेकसले. बाबलीने दगड लावला, पण त्या दिवशीची मजुरी घ्यायला काही तो आला नाही.

दिवाळीपासून वाडीतले तीन कुत्रे गेले. मग पहिल्या प्लॉटवर राहायला आलेल्या मथुरेची शेळी, तीही भर दुपारी, ती कपडे वाळत घालत असताना, दहा पावलांवरून. मी स्वतः त्याला पाहिलं ते तिन्हीसांजेला. तुझ्या घराच्या उरलेल्या चिऱ्यांच्या ढिगावर बसला होता, माझ्याकडे पाठ करून, गडग्याकडे बघत. पळाला नाही, गुरगुरला नाही. मला त्याची भीती वाटली, आणि खरं सांगते, लाजही वाटली.

गेल्या गुरुवारी तुझ्या माजघराची जमीन चोपून ओली ठेवली होती. शुक्रवारी सकाळी मी सारवण बघायला गेले. मागच्या दारातून पावलं आत आलेली. गोल, चार बोटांची, नखं न उमटलेली, कुत्र्याची नव्हेत. माजघराच्या मधोमध तो बसला होता गो. पोटाचा आणि शेपटीचा ठसा स्वच्छ उठला होता, जिथे तू हिराचं अंथरूण घालणार म्हणालीस तिथेच. मग पुढच्या दाराने व्हाळाकडे गेला. तुझं घर त्याच्या वाटेतच उभं आहे आणि त्याला आता तेच घर वाट झालंय. ह्यांनी गवंडी यायच्या आत स्वतः चोपणं घेऊन ती जमीन सारखी केली. दारं बसली की येणार नाही, म्हणाले. आणि तुला एक अक्षर कळवायचं नाही, बाकीचे प्लॉट कोण घेईल, असंही म्हणाले. दार लावून घर बंद होईल, अंगण कसं बंद करणार? हे मी विचारलं. ते जेवता जेवता उठून गेले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. मे महिन्यात जागा बघताना तू मला बाजूला घेऊन विचारलंस, पोर लहान आहे, इथे जनावराचं काही भय नाही ना? मी हसले आणि म्हटलं, मुंगूस आणि मोर, दुसरं आहे काय इथे. तेव्हा मला ह्यांनी गप्प बसवलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी माझ्या मनाने खोटं बोलले. लग्न होऊन इथे आल्याला अठरा वर्षं झाली, सुभद्रा. मूल नाही, आणि मनातलं बोलावं असं एक माणूस नाही. मला तू शेजारी हवी होतीस, बस. हे पत्र भाऊजींना दाखव, माझ्यावर वाटेल तेवढी रागाव, पण हिराला घेऊन इथे येऊ नकोस.

तुझीच,
यशोदा