भिंगरीचा मासा

५ मार्च
पोचले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि राहायला सख्ख्या दादाचं घर. वहिनीने मला खोली दिली ती भिंगरीची. भिंगरी म्हणजे माझी भाची. सात वर्षांची पोर, गेल्या वर्षी तापाने गेली. तिची खाऱ्या पाण्याची छोटी टाकी अजून खिडकीजवळ आहे आणि तिच्यात तिचा केशरी मासा. मासा कसला, लाडोबा आहे नुसता! काचेशी गेलं की शेपूट हलवत हजर. वहिनी दोन घास खाते तेही त्याला खाताना बघून, असं दादा म्हणाला. म्हणजे हा जगलाच पाहिजे. टाकीत शेवाळ मात्र माजलंय, लांब हिरव्या केसांसारखं. बघतेच त्याच्याकडे.

९ मार्च
चोर सापडले! दादा ऑफिसला जाताना माशाला खायला घालतो, वहिनी दुपारी घालते, आणि दोघं एकमेकांना पत्ता लागू देत नाहीत. उरलेलं खाणं कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं. दोघांना समोर बसवून झापलं. दादाने कान धरले, वहिनी चक्क हसली. मग दोघं रडली आणि मीही रडले. आता खायला फक्त मी घालणार. जुना टूथब्रश फिरवून शेवाळ गुंडाळलं आणि उपटलं. अर्धी बादली निघालं.

१४ मार्च
शेवाळ पुन्हा वाढलं. आज कामावरून आले तर त्याच्या दोन वेण्या घातलेल्या. तीन पेडांच्या, नीट. वहिनीच असणार, दुसरं कोण? तिला काय बोलायचं, म्हणून नुसत्या वेण्या उपटून टाकल्या. मुळाशी कोमट लागलं. संध्याकाळी वहिनीनेच हळूच विचारलं, शेवाळाच्या इतक्या छान वेण्या घालायला मी कुठे शिकले.

१७ मार्च
मासा आडवा पडतोय. उपटलेल्या वेण्या तशाच्या तशा पुन्हा उगवून आता काचेपर्यंत आल्यात, तो त्यांत अडकतो. माशांच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, जाड कापड गुंडाळा, तीन दिवस मिट्ट अंधार ठेवा, मध्ये उघडू नका. उजेड नसला की शेवाळ मरतं, माशाला काही होत नाही. घरी तसं सांगितलं. वहिनी दारातच थबकली.
"अगं, तिला अंधाराची भीती वाटते."
शेवाळाला कसली भीती, म्हटलं मी. कापड घट्ट बांधलं.

१८ मार्च
आतून टकटक होते. मासा धडकत असेल. दादा म्हणतो, पंप. वहिनी टाकीला टेकून बसलीय — जेवली नाही.

१९ मार्च
टकटक चालूच. फक्त हळू झालीय. वहिनीने कापडाला हात घातला, मी तिचं मनगट धरलं. शेवाळ जगलं तर मासा मरेल, म्हटलं.
"मरू दे," ती म्हणाली.
दादाने तिला ओढत बाहेर नेलं. आत कुणीतरी हुंदके — नाही. पंपच.

२० मार्च
सकाळपासून आवाज नाही.
उघडलं. पाणी नितळ. शेवाळ पांढरं पडून तळाशी बसलंय. मासा जिवंत आहे, शेपूट हलवत वर आला. वहिनीला हाक मारली — ती बघायला येईना.
कापड आतून ओलं आहे. बाहेरून मी जिथे गाठ मारली तिथेच, आतल्या बाजूला — इवल्या बोटांचे हिरवे ठसे. एकावर एक, किती तरी. ओढून ओढून गाठ सैल केलीय. सुटतच आली होती. अजून थोडं — मी काल उघडलं असतं तर — भिंगरे, मला वाटलं गं मासा, मला खरंच वाटलं —