अकरावी खुंटी

बाबा, आपल्या शेताखालची जमीन मोजायला मीच आले, हे तुम्हाला शेवटपर्यंत खुपलं. कापसाची ती वाईट वर्षं. गावात शिरणाऱ्या प्रत्येक जीपकडे लोक संशयानं बघायचे, आणि त्या दिवशी जीपमधून तुमची मुलगी उतरली. नाल्यापलीकडची कोळशाची खाण कधीच बंद पडली होती, पण तिचे बोगदे कुठवर आलेत ते जुन्या नकाशात नव्हतं. आम्ही लोखंडी खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडत होतो. त्यावरून खाली भरीव की पोकळ ते समजतं. तुम्ही कापसाच्या पऱ्हाटीत उभे राहून विचारलंत, "कोणासाठी मोजून राह्यली तू?"

"तुमच्यासाठीच. खाली पोकळ असलं तर जमीन खचते, बाबा."

"बियाणंवालाही असाच गोड बोलत होता. आज पोकळ म्हणसान, उद्या जमीन सोडा म्हणसान."

दुपारी आईनं बांधून दिलेली भाकर आपण शेताच्या बांधावर, एकाच धुऱ्यावर बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अकरावी खुंटी वहीतल्या जागेपासून चार पावलं दूर निघाली. पहाटे रानडुकरं हाकायला शेतात फक्त तुम्हीच गेला होतात. मी मजुरांसमोर विचारलं, "खुंटी तुम्ही हलवली का?"

"मी कायले हलवू?"

"मग कोणी हलवली?"

तुम्ही दुपट्टा खांद्यावर टाकून घरी गेलात. आमचं काम संपेपर्यंत शेताकडे फिरकला नाहीत. आम्ही सगळं पुन्हा मोजलं. नाल्याकडच्या कोपऱ्याखाली पोकळी निघाली, तेवढा भाग पेरू नका असं सांगून आम्ही गेलो. जमीन कोणी मागितली नाही. पुढच्या पावसाळ्यात तो कोपरा कमरेइतका खचला. तिथं तेव्हा कोणी नव्हतं.

अहवाल लिहिताना मी वह्या ताडून पाहिल्या होत्या. कच्च्या वहीत अंतर बरोबर होतं. पक्क्या वहीत उतरवताना मीच चुकले होते. खुंटी जागची हललीच नव्हती. त्यानंतर पोळ्याला घरी आले, तेव्हा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तुम्ही म्हणालात, "तुले माह्यावर शक होता."

मी म्हणाले, "जाऊ द्या ना बाबा." जणू चूक तुमची होती आणि मी ती माफ करत होते. तुम्ही हे जग सोडून गेलात, तरी आई अजून तेच खरं मानते, की खुंटी तुम्हीच हलवली. हे पत्र तिला तरी वाचून दाखवायला हवं. पण मी ते कपाटात ठेवणार आहे.