मांडीवरची कविता

येरमाळा, २० एप्रिल २०२४

चि. सौ. संघप्रिया हिस आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

फोन असताना पत्र कशाला, असं आमचा सुगत हसून म्हणेल. म्हणू दे. फोनवर मला निवांत बोलता येत नाही. जयंती करून तुम्ही लोहाऱ्याला परतलात आणि घर सुट्टी लागलेल्या शाळेसारखं झालंय.

श्रावस्ती दोन वर्षांची झाली तरी बोलत नाही, तिला ऐकू येत नाही की काय, असं तू सासूबाईंजवळ बोललीस म्हणे. अगं, मांडीवर घेऊन आमच्या चौथीच्या गुरुजींची ‘चिमणी म्हणते दाण्याला, येतोस का रे गाण्याला’ म्हटली की नात ठेक्यावर कशी डुलते! ऐकू न येणारं लेकरू डुलेल का? सुगतही लई उशिरा बोलला, आता गप्प बसवावा लागतो. पोरीचे कान ठणठणीत आहेत, असं मी त्याला सांगितलंय.

इकडची काळजी नसावी. नातीला पापा.

आबाराव

लोहारा, २ मे २०२४

ती. बाबांस सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचताना तुमचा आवाजच कानी आला. म्हणून उत्तर लिहायला हात धजत नव्हता.

तुमची कविता मी श्रावस्तीच्या पाठीमागं उभी राहून म्हटली. तिनं वळूनही पाहिलं नाही. मग तिला मांडीवर घेतलं आणि ओठ मिटून नुसती मांडी हलवली, तुम्ही हलवता तशी. बाबा, ती तशीच डुलली. तुमची कविता तिला मांडीतून कळते, कानातून नाही.

अंगणवाडीच्या दीपालीताई म्हणतात, धाराशिवला कान तपासून घ्या. जितका उशीर, तितकं बोलणं अवघड. पण ह्यांचं एकच, बाबा म्हणालेत ना ऐकू येतं. तुमचा शब्द मी कसा मोडू? तो तुम्हालाच मोडता येईल.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या. आईंना जयभीम.

तुमची संघप्रिया

येरमाळा, १५ डिसेंबर २०२४

चि. सौ. संघप्रिया हिस अनेक आशीर्वाद.

सुगत श्रावस्तीला घेऊन सुखरूप पोचला. तू निश्चिंतपणे परीक्षा दे. तिच्या कानातली मशिनं रात्री काढून डबीत ठेवतो. शेजारी माझी कवळी असते. तुझ्या सासूबाई म्हणतात, आजा-नातीचं सामान एकाच फळीवर आलं.

मे महिन्यात तुझं पत्र वाचलं आणि उत्तराऐवजी मीच एसटीनं आलो, सुगतला धाराशिवला ओढून नेलं. बघा, मी म्हणत होते, असं एका शब्दानं तू बोलली नाहीस. दशम्या बांधून दिल्यास. त्या दशम्यांची चव अजून जिभेवर आहे.

काल ती अंगणात शेंगा फोडत होती. मी मागच्या ओट्यावरून हळूच म्हटलं, ‘चिमणी म्हणते दाण्याला’. तिनं मान वळवली, पोरी. माझ्याकडं बघत राहिली. जन्मभर पाठ असलेली पुढची ओळ मला काही केल्या सुचेना. तशी ती उठून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि गुडघ्यावर थापा मारू लागली. पुढचं मागत होती.

म्हटलं मग. मांडी जराही हलू दिली नाही.

ती डुलली.

तुझी माया ह्या म्हाताऱ्यावर अशीच राहू दे.

बाबा